एकाच पंगतीतील मुले

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित पालक मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनात हिशोब मांडण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती देणग्या आल्या, किती बांधकाम झाले, किती चातुर्मास निर्विघ्न पार पडले, याची नोंद अहवालात असते आणि ती असावीच. परंतु एक हिशोब कोणत्याही अहवालात मांडला जात नाही. या काळात समाजाच्या घराघरांतून जी मुले वाढली, त्यांच्या मनात आपल्याहून वेगळ्या माणसाला किती जागा मिळाली? प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे.

प्रारंभी एक साधे चित्र डोळ्यांसमोर आणावे. छत्रपती संभाजीनगरातील कोणतीही शाळा, मधल्या सुट्टीची वेळ. एका बाकावर दोन मुले डबा उघडतात. एकाच्या डब्यात मेथीचे ठेपले आहेत, दुसऱ्याच्या डब्यात अंड्याची पोळी. ठेपल्याचा डबा आणणारा मुलगा क्षणभर पाहतो, डबा बंद करतो आणि काही न बोलता दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. घरी आईने सांगितलेले असते, ‘तसले खाणाऱ्याजवळ बसू नकोस.’ आईचा हेतू व्रतरक्षणाचा असतो, त्यात खोट काढण्याचे कारण नाही. परंतु त्या बाकावर मागे राहिलेल्या मुलाच्या मनात काय उमटले, याचा विचार कोणी केलेला नसतो. आणि उठून गेलेल्या मुलाने त्या दिवशी नेमके काय शिकले? अहिंसा शिकली की तिरस्कार? जिवाला पीडा देऊ नये, असे शिकवण्यासाठी सांगितलेल्या नियमानेच शेजारच्या जिवाला पीडा झाली, हे त्या घराला कळलेही नाही.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहावी. तोच मुलगा मोठा होतो, अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्यास किंवा बंगळुरूस जातो. वसतिगृहाच्या भोजनगृहात तो कांदा-लसूण नसलेली भाजी मागतो, सूर्यास्तापूर्वी ताट मागतो. कोणी हसतो, कोणी त्याला ‘घासफूस’ म्हणून हाक मारतो. तो खोलीत येऊन घरून आलेल्या खाकऱ्यांवर रात्र काढतो. त्या रात्री त्याला जे वाटते, तेच दहा वर्षांपूर्वी बाकावर मागे राहिलेल्या मुलाला वाटले होते. वेगळेपणाची जखम ज्याला एकदा झाली, त्याला दुसऱ्याची जखम ओळखता आली पाहिजे. परंतु ही ओळख आपोआप होत नाही, ती लहानपणी करून द्यावी लागते.

आकड्यांकडे पाहिले तर ही गरज अधिक स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या सुमारे ४४.५ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाही. महाराष्ट्रात ती सुमारे १४ लाख, म्हणजे सव्वा टक्का. सरळ अर्थ असा की, राज्यात सरासरी ऐंशी माणसांमागे एक जैन आहे. समाजातील मुलाला आयुष्य काढायचे आहे ते उरलेल्या एकोणऐंशींच्या सहवासात. ते त्याचे ग्राहक असतील, शिक्षक असतील, डॉक्टर असतील, शेजारी असतील. त्यांच्याविषयी मनात भय किंवा तुच्छता घेऊन निघालेले मूल जगात सुखी होऊ शकत नाही, आणि स्वतःच्या धर्माविषयी संकोच घेऊन निघालेलेही नाही. या दोन्ही टोकांपासून मुलाला वाचवणे, हे आजच्या पालकांपुढील खरे कार्य आहे.

शास्त्र काय सांगते?

हा विचार बाहेरून आणलेला आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. तीर्थंकरांच्या समवसरणाचे वर्णन पाठशाळेतील प्रत्येक मूल ऐकते. तेथे देव, मनुष्य आणि तिर्यंच या सर्वांना स्थान आहे, जन्मजात वैर असलेले प्राणीही तेथे वैर विसरून बसतात, आणि उपदेश प्रत्येकाला आपापल्या भाषेत समजतो. यातील मर्म लक्षात घ्यावे. ऐकणाऱ्यांनी आधी आपली भाषा सोडावी, अशी अट तेथे नाही.

श्वेतांबर परंपरेतील उत्तराध्ययन सूत्राच्या बाराव्या अध्ययनात हरिकेशी मुनींची कथा येते. चांडाळ कुळात जन्मलेले हे तपस्वी मुनी भिक्षेसाठी यज्ञमंडपात गेले. त्यांचे कुळ आणि मळकी वस्त्रे पाहून तेथील मोठ्यांनी त्यांचा अपमान केला, आणि मोठ्यांचे शब्द ऐकून तेथे शिकणारे कुमार काठ्या घेऊन मुनींच्या अंगावर धावले. अखेरीस सर्वांना मुनींच्या तपाचे तेज कळले व त्यांनी क्षमा मागितली. कथा सांगताना मुनींच्या माहात्म्यावर भर दिला जातो, तो योग्यच आहे. परंतु पालकांनी त्या कुमारांकडेही पाहावे. त्यांचे मुनींशी काय वैर होते? काहीच नाही. काठी मुलांच्या हातात होती, पण ती दिली होती मोठ्यांच्या जिभेने. दिगंबर परंपरेतही आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सांगितले आहे की, सम्यग्दर्शनाने युक्त असलेला जीव चांडाळाच्या देहात जन्मला तरी तो देवतुल्य मानावा. दोन्ही परंपरांची साक्ष एकच आहे.

आणि अनेकांतवाद? हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट मुलांना तोंडपाठ असते. तथापि तिचा अर्थ पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. ‘सगळ्यांचे सगळेच बरोबर’ हा अनेकांत नव्हे. हिंसा ही हिंसाच, असत्य हे असत्यच. अनेकांत एवढेच शिकवतो की, माझ्या हाताला लागला तेवढाच हत्ती नाही. म्हणून मुलाने ‘ते मांस का खातात?’ असे विचारले, तर ‘ते वाईट लोक आहेत’ हे उत्तर देऊ नये, आणि ‘ज्याचे त्याचे’ म्हणून प्रश्न उडवूनही लावू नये. त्याला सांगावे की, प्रत्येक घराचा आहार त्या घराच्या परंपरेतून, प्रदेशातून आणि परिस्थितीतून आलेला असतो. आपल्या घराने जीवदयेचे व्रत घेतले आहे, ते आपल्याला प्रिय आहे आणि आपण ते सोडणार नाही. मात्र व्रत हे स्वतःला बांधण्यासाठी असते, दुसऱ्याला मोजण्यासाठी नसते. आठ वर्षांच्या मुलाला एवढे निश्चित समजते.

कर्मवीरांची पंगत

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातच एका जैन गृहस्थाने ते करून दाखवले. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत असत. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभास तरुण भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे, असे सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या पुरुषाचे नाव आज प्रत्येक जैन संस्था अभिमानाने घेते, त्याला विद्यार्थिदशेत समाजाच्याच वसतिगृहातून बाहेर पडावे लागले होते, ही गोष्ट सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून सांगणे थोडे अवघड असले तरी आवश्यक आहे. संस्था आपल्या सर्वोत्तम मुलाला ओळखण्यात चूक करू शकते. ती चूक पुन्हा होऊ नये, म्हणूनच तिचे स्मरण ठेवायचे असते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये त्यांनी सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, ब्राह्मण, जैन, मुसलमान अशा सर्व घरांतील मुले तेथे एका छताखाली राहत. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानला जाई, त्या काळात ही मुले एकत्र पाणी भरत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत.

येथे पालकांनी एक गोष्ट बारकाईने पाहावी. भाऊरावांनी त्या मुलांना समतेवर व्याख्याने देऊन समता शिकवली नाही. त्यांनी मुलांना काम वाटून दिले. ज्या मुलासोबत रोज लाकडे फोडायची, ज्याने थापलेली भाकरी रोज खायची, त्याला परका मानणे अशक्य होते. आपलेपणा हा एकत्र राबण्यातून आणि एकत्र जेवण्यातून येतो, हे त्यांनी ओळखले होते.

या कार्यात त्यांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा तर शब्दांच्या पलीकडचा आहे. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या जुन्या वळणाच्या घरातून आलेल्या या माउलीला प्रारंभी हे सर्व सोपे गेले नसेल. परंतु वसतिगृहातील मुले त्यांची मुले झाली. संस्थेत धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरही गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब मिळाला होता. कोणत्याही जातीच्या मुलाला शिकता यावे म्हणून मंगळसूत्र देणाऱ्या जैन मातेची गोष्ट समाजातील किती मुलांना माहीत आहे? प्रत्येक पाठशाळेत ती सांगितली जावी, एवढी तिची थोरवी आहे.

या नगरीचा वारसा

ज्या भूमीत ही मुले वाढत आहेत, ती भूमीही हाच पाठ देते. येथून जवळच असलेल्या पैठणचे संत एकनाथ महाराज यांची कथा सर्वश्रुत आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अंत्यजाचे मूल त्यांनी उचलून कडेवर घेतले. श्राद्धाचे अन्न त्यांनी भुकेलेल्या अंत्यजांना वाढले, म्हणून नगरातील ब्रह्मवृंद रागावला. तेथेही प्रश्न पंगतीचाच होता.

वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. क्रमांक १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, अशी त्यांची रचना आहे. एकाच डोंगराच्या एकाच काळ्या पाषाणात तीन धर्मांच्या कारागिरांनी आपापले देव घडवले. इंद्रसभेतील तीर्थंकरमूर्तींपुढे मुलांना नेणारे जैन कुटुंब कैलास लेण्यापाशी थांबते, परंतु दहाव्या लेण्यातील बुद्धमूर्तीपुढे मूल घेऊन किती कुटुंबे बसतात? पुढच्या वेळी सहलीला गेल्यावर बुद्धाच्या आणि तीर्थंकरांच्या ध्यानमुद्रेत साम्य कोणते, भेद कोणता, हे मुलांनाच शोधू द्यावे. आपले लेणे ओळखायचे असेल, तर शेजारचेही पाहिले पाहिजे.

या शहराच्या हिमरू वस्त्रात सूत असते आणि रेशीमही असते. सूत रेशीम होत नाही, रेशीम सूत होत नाही, पण वीण घट्ट असली की वस्त्र एकच असते. शहराची बाजारपेठही अशीच विणली गेली. निजामाच्या राज्यात शाळेची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्यातील जैन व्यापारी घरांतील मुले शाळेत उर्दू शिकत, घरी मारवाडी, गुजराती किंवा मराठी बोलत आणि मंदिरात प्राकृत-संस्कृत पाठ म्हणत. या तीन-चार भाषांनी त्यांचा धर्म बुडाला नाही, उलट विणकराशी, शेतकऱ्याशी आणि अंमलदाराशी त्यांच्या भाषेत बोलता आल्याने पेढीचा विश्वास वाढला. त्या आजोबांचे नातू आज एकाच भाषेच्या, एकाच आर्थिक थराच्या आणि एकाच आहाराच्या वसाहतीत वाढत आहेत. सुविधा वाढली, परंतु मुलाचे जग लहान झाले, हे मान्य केले पाहिजे.

या शहरातील मुलांना एक भाग्य मात्र अजून लाभते. वर्गातील एक विद्यार्थी रमजानचा रोजा धरतो, तेव्हा तो सूर्यास्तानंतरच अन्न घेतो. त्याच वर्गातील दुसरा विद्यार्थी चोविहार पाळतो, तेव्हा तो सूर्यास्तापूर्वीच अन्न घेतो. एकाचा नियम जेथे संपतो, तेथे दुसऱ्याचा सुरू होतो. दोघांनाही सूर्याकडे पाहून भूक आवरावी लागते. या दोन मुलांनी एकमेकांच्या नियमांविषयी कुतूहलाने बोलावे, एवढे जरी पालकांनी घडवून आणले, तरी मोठमोठ्या सलोखा परिषदांपेक्षा अधिक काम होईल.

घरातून काय करावे?

आता प्रत्यक्ष आचाराकडे वळू या. पहिली गोष्ट, डब्याची. मुलाला आपला आहारनियम कारणांसह शिकवावा आणि तो नम्रतेने सांगण्याचे शब्दही शिकवावेत : ‘आमच्याकडे हे चालत नाही, पण तू खा, मी शेजारी माझे खातो.’ बाक सोडण्याची आवश्यकता नाही. व्रत डब्यात सांभाळायचे असते, बाकावर नव्हे.

दुसरी गोष्ट, जिभेची. जेवणाच्या टेबलावर, दुकानाच्या गादीवर, मोटारीत मोठी माणसे जे बोलतात, ते मागे बसलेले मूल ऐकत असते. ‘ते लोक तसलेच’ हे एक वाक्य पाठशाळेतील पाच वर्षांची शिकवण पुसून टाकते. जातींची, धर्मांची, रंगरूपाची हेटाळणीची नावे घरातून कायमची हद्दपार करावीत.

तिसरी गोष्ट, कपाची. घरकाम करणाऱ्या मावशींचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. मूल विचारत नाही, परंतु पाहते. वाहनचालक, दुकानातील नोकर, सफाई कामगार यांना ‘काका’, ‘मावशी’ म्हणावे, एवढ्यावर संस्कार पूर्ण होत नाही. त्यांना कोणत्या कपात चहा मिळतो, यावरून मुलाला त्या नात्याचा खरा अर्थ कळतो.

चौथी गोष्ट, क्षमापनेची. संवत्सरीला वा क्षमावाणीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेश शेकडो नातेवाइकांना एका क्षणात भ्रमणध्वनीवरून जातात. ज्यांच्याशी वर्षभर भेटच झाली नाही, त्यांची क्षमा मागितली जाते आणि ज्यांना रोज शब्द लागले, ते राहून जातात. मुलाने त्या दिवशी आपण चिडवलेल्या वर्गमित्रापुढे आणि आपण ओरडलेल्या मावशींपुढे प्रत्यक्ष उभे राहून क्षमा मागावी. सोबत आई-वडिलांनीही मागावी.

पाचवी गोष्ट, आपल्याच घरातील वेगळ्या मुलाची. ज्या मुलाला ऐकू येत नाही, चालता येत नाही किंवा ज्याची बुद्धी वेगळ्या गतीने चालते, ते मूल समारंभात आजीजवळ खोलीत बसवले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि अशा मुलांच्या शिक्षणाचा हक्क स्पष्ट केला. कायद्याने जे दिले, ते समाजाने पाठशाळेत, मंदिराच्या पायऱ्यांवर आणि वाढदिवसाच्या यादीतही द्यावे. चाकाच्या खुर्चीतील मुलाला दर्शनासाठी उचलून नेणे ही दया झाली. त्याला स्वतः जाता येईल असा उतार बांधणे, हा त्याचा मान झाला. दया वरून खाली वाहते, आपलेपणा शेजारी बसतो. समाज दानात कधीच मागे राहिला नाही. आता शेजारी बसण्यातही मागे राहू नये.

सहावी आणि कदाचित सर्वांत अवघड गोष्ट, आपसातल्या भिंतींची. दिगंबर-श्वेतांबर, मंदिरमार्गी-स्थानकवासी-तेरापंथी, मारवाडी-गुजराती-कच्छी-मराठी, सैतवाल-खंडेलवाल अशा भेदांची नावे मुलांना णमोकार मंत्राच्या पाठोपाठ कळतात. १९७४ साली भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाणमहोत्सवानिमित्त सर्व संप्रदायांनी एकत्र येऊन एक पंचरंगी ध्वज आणि एक प्रतीकचिन्ह स्वीकारले. त्या ध्वजात पाच रंग आहेत आणि प्रत्येक रंग आपल्या जागी आहे. जे मूल दुसऱ्या संप्रदायाच्या मंदिरात किंवा स्थानकात कधी गेलेच नाही, ते मूल दुसऱ्या धर्माचा आदर कोठून शिकणार? आणि दुसऱ्या समाजातून आलेली सून दहा वर्षांनंतरही ‘बाहेरची’ म्हणूनच ओळखली जात असेल, तर त्या घरातील नातवंडांना आपलेपणा शब्दकोशातच शोधावा लागेल.

एक विनंती

शेवटी विश्वस्त मंडळापुढे एक नम्र विनंती ठेवून हे विवेचन संपवणे उचित होईल. सुवर्णमहोत्सवाच्या सांगतेला सालाबादप्रमाणे स्वामीवात्सल्य होईल. हजारो ताटे वाढली जातील. ताटात कण टाकू नये, ताट धुऊन पाणी प्यावे, ही शिस्त मुले त्या दिवशीही पाळतील. पंगती उठल्यावर आचारी, भांडी घासणाऱ्या महिला, मंडप उभारणारे, वीज सांभाळणारे आणि परिसर झाडणारे कामगार कोठेतरी मागे, उरलेले अन्न घेऊन, आपापल्या जागी बसून जेवतात. पन्नास वर्षांत या परिसराची वीट न् वीट ज्यांच्या हातांनी रचली गेली, त्यांत सर्व जातिधर्मांची माणसे होती.

यंदा त्या सर्वांची पंगत मंडपाच्या मध्यभागी बसावी, आणि तीही शेवटची नव्हे, पहिली. त्यांना वाढण्याचे काम पाठशाळेच्या मुलांकडे द्यावे. मुलांनी त्यांची नावे विचारावीत, आग्रह करावा, आणि वाढून झाल्यावर त्यांच्याच शेजारी पाटावर बसून जेवावे. भोजन संस्थेच्या नियमांचेच राहील, सूर्यास्तापूर्वीच होईल, कोणाच्याही व्रताला यत्किंचितही बाध येणार नाही. साताऱ्यातील त्या वसतिगृहात जे रोज घडत होते, ते येथे एक दिवस घडेल. तो दिवस मुले विसरणार नाहीत, आणि शतकमहोत्सवाच्या वेळी याच मुलांपैकी जे विश्वस्त असतील, त्यांना ही विनंती पुन्हा करावी लागणार नाही.

जय जिनेंद्र.